फवारणीच्या दिवशी संध्याकाळी डोकं दुखतं, सकाळी बरं वाटतं, रिपोर्टही नॉर्मल, मग धोका कसला?

प्रश्न थोडक्यात असा आहे की भाऊ सीझनभर लोकांच्या शेतात रोजंदारीवर फवारणी करतो, तोंडाला मास्क लावतो, फवारणीच्या दिवशी संध्याकाळी डोकं जड होतं, मळमळतं, कधी कधी नजर धूसर होते आणि सकाळी उठला की ठणठणीत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आलं. घरात वहिनी गरोदर आहे, ती त्याचे फवारणीचे कपडे धुते आणि खुरपणीलाही जाते. तुम्ही विचारलंय की विष अंगात भिनतंय का, आणि नुसत्या डोकेदुखीचा एवढा बाऊ करायचा का.

मी डॉक्टर आहे, कामामुळे होणारे आजार हेच माझं क्षेत्र, आणि पेशंटमध्ये शेतमजूर भरपूर असतात, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. पण एक गोष्ट आधीच सांगतो, तुमच्या प्रश्नात सगळा भर मास्कवर आहे आणि खरी गडबड तिथेच आहे. उघड्या शेतात पंपाने फवारताना बहुतेक औषध नाकातून नाही, कातडीतून आत जातं. पंपातून उडणारे थेंब बऱ्यापैकी मोठे असतात, ते फुप्फुसात खोलवर पोचतच नाहीत, अंगावर आणि कपड्यांवर बसतात. बंद ग्रीनहाऊस किंवा धान्याच्या गोदामातली धुरी हा वेगळा मामला, तिथे श्वासच मारतो. पण भावाचं काम उघड्यावरचं आहे.

आणि कातडी सगळीकडे सारखी नसते. 1971 साली पॅराथिऑन या औषधावर माणसांवरच एक अभ्यास झाला होता, शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर थोडं थोडं लावून किती आत जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून साधारण 9 टक्के, तळहातातून 12, डोक्याच्या कातडीतून 32, कपाळातून 36, काखेतून 64 आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच्या सगळं. आता विचार करा, पंपाचं झाकण नीट बसत नाही, पाठीवरून ओघळ खाली येतोय, पँट कमरेपासून जांघेपर्यंत ओली आणि माणूस त्याच कपड्यात चार-पाच तास चालतोय. मधेच घाम पुसायला तोच हात कपाळावर, लघवीला गेला की तोच हात तिथे. मास्क कितीही चांगला असो, इथे त्याचा काय उपयोग. कापडी रुमाल बांधणारे तर उलट नुकसान करून घेतात, रुमाल ओला होतो आणि ते ओलं फडकं दिवसभर तोंडाला चिकटून राहतं.

आता डोकेदुखीकडे येतो. भाऊ नक्की काय फवारतो ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण डोकं, मळमळ, धूसर नजर हे एकत्र आलं की माझा पहिला संशय ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटावर जातो. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट ही पहिल्या गटातली, कार्बोफ्युरान, मेथोमिल दुसऱ्या. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तो ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने, आणि निरोप पोचला की ते रसायन लगेच मोडून टाकायचं काम कोलिनेस्टरेज नावाच्या एन्झाइमचं. ही औषधं नेमकं तेच एन्झाइम बंद पाडतात. मग निरोप थांबतच नाही, वॉशर गेलेल्या नळासारखं, लाळ गळते, डोळ्यातून नाकातून पाणी, घाम, पोटात मुरडा, जुलाब, बाहुली बारीक होते म्हणून धूसर दिसतं, अंगावरचे स्नायू आपोआप फडफडतात, छातीत स्राव भरून धाप लागते. किडीला मारायची पद्धतही हीच आहे, तिच्या आणि आपल्या नसांची यंत्रणा या बाबतीत सारखीच.

"सकाळी बरं वाटतं" याचे दोन अर्थ निघू शकतात. कार्बामेट असेल तर एन्झाइम साधारण एका दिवसात परत मोकळं होतं, म्हणजे खरंच उतरलेलं असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर मात्र पकड काही वेळाने कायमची होते, तांबड्या पेशींमधलं ते एन्झाइम परत यायचं म्हणजे नव्या पेशी तयार व्हायला पाहिजेत, त्याचा वेग दिवसाला जेमतेम 1 टक्का. म्हणजे एका फवारणीत 20 टक्के गेलं आणि चार दिवसांनी पुन्हा पंप पाठीवर घेतला तर भरून आलं 4 टक्के, आणि त्यावर पुन्हा नवीन घट. विष साठतंय का या प्रश्नाचं उत्तर म्हणून असं आहे, औषध स्वतः बहुतांशी काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं, साठत जाते ती एन्झाइमची तूट. ती हळूहळू वाढत गेली की शरीर सावरून घेतं, त्रास फारसा जाणवत नाही, आणि मग सीझनच्या शेवटी एखाद्या किरकोळ सांडलवंडीनंतर धडधाकट माणूस आडवा होतो आणि घरचे म्हणतात, आजवर शंभरदा फवारलं, कधी काही झालं नव्हतं!

रिपोर्ट नॉर्मल कसा, तर बघा कुठली टेस्ट केली होती. हिमोग्लोबिन, लिव्हर, किडनी, शुगर यातून हे कळत नाही, कोलिनेस्टरेज वेगळं सांगून करावं लागतं. आणि केलं तरी गंमत अशी की त्याची नॉर्मल रेंज खूप पसरट असते. समजा लॅबची रेंज 5000 ते 12000 आहे, भावाचं मूळचं 11000 असेल आणि ते 6000 वर आलं, म्हणजे जवळजवळ निम्मं गेलं, तरी कागदावर "नॉर्मल"च छापून येणार. म्हणून या टेस्टला अर्थ तेव्हाच येतो जेव्हा सीझन सुरू व्हायच्या आधी, निदान महिनाभर कुठल्याही फवारणीजवळ न जाता, त्याचा स्वतःचा मूळ आकडा काढून ठेवलेला असेल. कॅलिफोर्नियात फवारणी कामगारांसाठी नियमच आहे, तांबड्या पेशींमधला आकडा मूळच्या 70 टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातला, म्हणजे रक्ताच्या पातळ भागातला, 60 टक्क्यांवर आला की माणसाला त्या कामावरून बाजूला काढायचं आणि मूळच्या 80 टक्क्यांपर्यंत परत येईस्तोवर हात लावू द्यायचा नाही. आता सीझन चालूच असेल तर उलटं करा, आज एकदा टेस्ट, मग काम पूर्ण बंद ठेवून दीड-दोन महिन्यांनी परत. आकडा चांगला वर सरकला तर तेव्हा तो पडलेला होता हे सिद्ध झालं.

एक मात्र खरं की प्रत्येक डोकेदुखी विषाचीच असते असं नाही. उन्हात जाड कपडे घालून पंप वाहिला की ऊन लागूनही डोकं दुखतं, मळमळतं, घाम फुटतो. फरक करायला काही खुणा आहेत. उन्हाने तोंड कोरडं पडतं, विषात लाळ सुटते. उन्हाने नाडी जोरात धावते, विषात ती मंदावू शकते. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली असेल तर ते ऊन नाही. पण बाहुली बारीक दिसली नाही म्हणून विष नाही असं मात्र समजू नका, सौम्य विषबाधेत ती साधी दिसते. दोन्ही एकाच वेळी असलेलेही पेशंट येतात, आणि घामाने भिजलेल्या, तापलेल्या कातडीतून औषध जास्त वेगाने आत जातं हे वेगळंच.

तातडीचं म्हणजे, फवारताना किंवा नंतर त्रास सुरू झाला की "जरा सावलीत बसू" हे करू नका. आधी कपडे उतरवा, तिथल्या तिथे, लाज बाजूला ठेवून. साबण आणि भरपूर साधं पाणी, केस, कानामागे, नखं, काख, जांघ सगळं. गरम पाणी नको, त्याने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो, रॉकेलने पुसणं तर अजिबातच नको. धुणाऱ्याने स्वतः हातात मोजे घालायचे. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा, उलटी करवू नका, दूध तेल काही पाजू नका. बरीच औषधं पेट्रोलियमच्या द्रावकात असतात, ती उलटीबरोबर फुप्फुसात गेली की दुसरंच संकट. आणि हॉस्पिटलला जाताना बाटली किंवा लेबलचा फोटो न्या, ही एकच गोष्ट नातेवाईक विसरतात आणि तिथेच आमचा वेळ जातो. ॲट्रोपिन हा उतारा कुठे चालतो आणि कुठे त्याचा काही उपयोग नाही हे त्या लेबलवर ठरतं.

ॲट्रोपिन दिल्यावर छाती मोकळी होते, माणूस बोलायला लागतो आणि घरचे डिस्चार्ज मागतात. ऑर्गॅनोफॉस्फेट असेल तर डिस्चार्ज लगेच देऊ नये, कारण 24 ते 96 तासांच्या दरम्यान काही पेशंटचे मानेचे, खांद्याचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडतात. वॉर्डात मी रोज सकाळी एकच साधी गोष्ट करायला सांगतो, उताणं पडून उशीवरून डोकं वर उचल आणि धरून ठेव. काल जमत होतं आणि आज मान लटपटतेय म्हणजे पुढचा नंबर श्वासाचा, व्हेंटिलेटर तयार ठेवायचा. काही थोड्या औषधांनी दोन-तीन आठवड्यांनी पायात मुंग्या, पंजा लोंबकळणं असंही होतं, तोवर लोकांना त्या फवारणीची आठवणही नसते.

बाकीच्या गटांबद्दल भरभर सांगतो. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधं चेहऱ्यावर मुंग्या, चटका देतात, उन्हात आणि घामाने वाढतात, बहुतेक दिवसभरात जातात. पण प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिन एकत्र मिसळलं की गणित बदलतं, कारण पायरेथ्रॉइडला शरीरात जे एन्झाइम मोडून टाकतं तेच ऑर्गॅनोफॉस्फेट बंद करून टाकतं. म्हणून टाकीत आपल्या मनाने तीन-चार औषधं आणि वर टॉनिक मिसळणं हा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो, त्या मिश्रणाची विषारीपणाची चाचणी कोणीच केलेली नसते. पॅराक्वाट तणनाशकाला उतारा नाही, पोटात गेलं तर फुप्फुसं घट्ट होत जातात, आणि जखम असलेल्या कातडीवरही ते धोकादायक. मॅन्कोझेबसारख्या बुरशीनाशकांनी अंगावर पुरळ उठतं, खाज सुटते.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो हॉस्पिटलात भरती झाली, तेव्हा बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या होत्या, कापूस डोक्याच्या वर वाढलेला म्हणून नोझल वर धरून फवारणी, जोराने बारीक तुषार उडवणारे पॉवर पंप, औषधांची मिश्रणं आणि दमट उकाडा. फवारा वर धरला की तो डोक्यावर, चेहऱ्यावर, मानेवर पडणार, आणि वरचे टक्के आठवा.

लांब पल्ल्याच्या आजारांबद्दल मी जपून बोलतो, कारण या विषयात घाबरवणारे आणि झाकणारे दोन्ही भरपूर. अमेरिकेत 1993 पासून आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना इथले फवारणी करणारे आणि त्यांचे जोडीदार मिळून सुमारे 89000 लोकांचा पाठपुरावा चालू आहे. त्यात एकूण कॅन्सर सामान्य लोकांपेक्षा जास्त निघाले नाहीत, शेतकरी सिगारेट कमी ओढतात हेही त्यामागे आहे, पण प्रोस्टेटसारखे काही ठराविक कॅन्सर जास्त दिसले. त्याच लोकांमधून केलेल्या अभ्यासात पॅराक्वाट आणि रोटेनोन नावाचं कीटकनाशक वापरणाऱ्यांमध्ये पार्किन्सन (कंपवात) सुमारे अडीच पट आढळला, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे पॅराक्वाटचा हा संबंध मुख्यतः हातमोजे नीट न वापरणाऱ्यांमध्येच दिसला. फ्रान्सने 2012 मध्ये शेतकऱ्यांचा पार्किन्सन हा व्यावसायिक आजार म्हणून मान्य केला. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने लिंडेनला कॅन्सर करणारं ठरवलं, तर मॅलाथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेटला "बहुधा करणारं" म्हटलं. हे वर्गीकरण पुरावा किती भक्कम याचं आहे, वापरणाऱ्याला नक्की होणारच असं त्यातून निघत नाही. पुरुषांच्या प्रजननाबद्दल सगळ्यात स्पष्ट उदाहरण डीबीसीपी या सूत्रकृमी मारणाऱ्या औषधाचं, 1977 मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका कारखान्यात ते बनवणाऱ्या कामगारांना मुलं होत नाहीत हे त्यांच्याच लक्षात आलं आणि तपासलं तर शुक्राणू शून्य किंवा अगदी कमी. बाकी त्यांना काहीही त्रास नव्हता.

हिरवा त्रिकोण बघून निर्धास्त होणाऱ्यांना इथेच सांगतो, लेबलवरचा लाल-पिवळा-निळा-हिरवा रंग एका झटक्यात किती औषधाने उंदीर मरतो यावर ठरतो, वर्षानुवर्षं थोडं थोडं अंगात गेलं तर काय याच्याशी त्या रंगाचा संबंध नाही.

मग भावाने करायचं काय. सगळ्यात धोक्याचा क्षण फवारणीचा नाही, औषध मोजून टाकीत ओततानाचा. लिटरला 2 मिली प्रमाण असेल तर बाटलीतलं औषध फवाऱ्याच्या पाचशे पट तीव्र, म्हणजे झाकणाने मापताना 1 मिली हातावर सांडलं की अर्धा लिटर द्रावण अंगावर ओतून घेतल्यासारखं झालं. आणि माणसं नेमकं हेच उघड्या हातांनी करतात, काठी सापडली नाही तर हातानेच ढवळतात, मग फवारायच्या वेळी मास्क चढवतात. एकच गोष्ट परवडत असेल तर नायट्राइल रबराचे लांब, आतून अस्तर नसलेले हातमोजे घ्या, कापडी आणि चामड्याचे नकोत, ते औषध शोषून हाताला लावून ठेवतात. खालच्या पिकावर फवारताना शर्टाची बाही मोज्याच्या वरून, डोक्यावरच्या पिकावर फवारताना बाही मोज्याच्या आत आणि मोज्याची कड बाहेर दुमडलेली, नाहीतर ओघळ सरळ कोपरापर्यंत उतरतो. काढायच्या आधी मोजे हातात असतानाच धुवायचे. पाठीला पंपाच्या खाली प्लास्टिकचा कागद, गळकं झाकण आणि वॉशर आधी बदलायचे. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही, जुना टूथब्रश खिशात असू द्या.

चालण्याची पद्धत लोक लक्षातच घेत नाहीत. पुढे फवारत पुढे चालायचं म्हणजे स्वतःच भिजवलेल्या पानांतून मांड्या घासत जायचं, म्हणून सगळ्यात जास्त औषध पायांवर सापडतं. वारा बाजूने येईल असं चालायचं, नोझल वारा जिकडे जातोय त्या बाजूला धरायचं आणि भिजलेली ओळ मागे सोडत कोरड्या बाजूला सरकायचं.

पूर्ण किट घाला असं मी सांगत नाही, दुपारच्या उन्हात ते घालून तासभर काम करून बघा म्हणजे कळेल का. अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आचारसंहितेतही हेच लिहिलंय, ज्या औषधाला असं महागडं, त्रासदायक किंवा सहज न मिळणारं किट लागतं ते उष्ण प्रदेशातल्या छोट्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी वापरणंच टाळावं. म्हणजे जबाबदारी फक्त पंप वाहणाऱ्याची नाही, लाल त्रिकोणाचं औषध आणून त्याच्या हातात देणाऱ्या मालकाचीही आहे. भाऊ रोजंदारीवर आहे, औषध तो निवडत नाही हे कळतंय मला, पण निदान बाटली स्वतः बघणं, पहाटे किंवा उन्हं कलल्यावर काम मागणं आणि लागोपाठ रोज न फवारणं एवढं तरी त्याने अडून मागावं. संध्याकाळी त्रास होतोय तोवर काही आठवडे पंप बंदच ठेवायचा, खुरपणी नको, दुसरं काम.

वहिनीच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट वारेतून बाळापर्यंत जातात आणि ती निष्प्रभ करणारं एन्झाइम बाळाकडे फार कमी असतं. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर कुटुंबांचा जो अभ्यास आहे त्यात गरोदरपणी ज्या आयांच्या लघवीत या औषधांचे अवशेष सगळ्यात जास्त होते त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सातव्या वर्षी सगळ्यात कमी अवशेषवाल्यांच्या मुलांपेक्षा सरासरी 7 गुणांनी कमी निघाला. तेव्हा फवारलेल्या शेतात तिने या सीझनला जाऊच नये, आणि अगदीच गत्यंतर नसेल तर लेबलवर लिहिलेला काळ उलटल्याशिवाय नाही, लिहिलेला नसेल तर निदान 24 तास, जहाल औषध असेल तर 48 ते 72, आणि पहाटेच्या दवात तर नकोच, दवाने पानांवरचं वाळलेलं औषध परत ओलं होऊन हाताला लागतं. कपडे भावाने स्वतः धुवायचे, शेतावरच, घरच्या कपड्यांपासून वेगळे, मोजे घालून, आधी एकदा नुसत्या पाण्यातून काढून मग भरपूर साबणाने, आणि कडक उन्हात वाळवायचे. बाटलीतलं औषध सांडलेला कपडा धुवायच्या भानगडीत न पडता टाकून द्या, चामड्याची चप्पल भिजली असेल तर तीही. आंघोळ झाल्याशिवाय घरातल्या कोणाला जवळ घ्यायचं नाही. आणि वहिनीची टेस्ट करायची ठरवलीत तर तांबड्या पेशींमधलं कोलिनेस्टरेज सांगा, प्लाझ्मातलं नको, गरोदरपणात ते आपोआपच कमी येतं आणि विनाकारण घरभर घबराट होईल.